गाय घेण्याआधी गोऱ्ह्याचं ठरवा

गाय घ्यायची म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दूध किती देते?" सल्ला विचारायला येणाऱ्याला मी उलट विचारतो, "गोऱ्हा झाला तर काय करणार?" समोरचा गडबडतो. कालवडच, म्हणजे मादी वासरूच होणार असं मनात धरून तो आलेला असतो. पण दोन वेतांत एक गोऱ्हा धरूनच चालावं लागतं, आणि आपल्याकडच्या गायींमधला फरक कासंडीपेक्षा या गोऱ्ह्यात जास्त उघडा पडतो. खिल्लार गायीला देखणा गोऱ्हा झाला की आमच्या माणदेशात माणसं बघायला येतात. संकरित गायीला झाला की घरातली माणसं एकमेकांकडे बघतात.

हे लिहितोय ते दोन ते पाच गायी घेणाऱ्या घरासाठी. पन्नास गायींचा मुक्त गोठा काढणाऱ्याचं गणित निराळं, त्याने इथे वेळ घालवू नये.

खिल्लार की एचएफ

खिल्लार ही आमची देशी गाय, आणि एचएफ म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन या विदेशी जातीच्या संकरातली. आमच्या दावणीला या दोन्ही एकाच वेळी होत्या, म्हणून यांच्यावर जरा जास्त बोलणार आहे.

खिल्लार म्हणजे पांढरं, आवळ अंग, लांबट तोंड, मागे जाऊन धनुष्यासारखी वर वळलेली शिंगं आणि काटक पाय. सोलापूर, सांगली, सातारा, कोल्हापूर आणि सीमेपलीकडचं विजापूर हा तिचा मुलूख. आटपाडी महाल, म्हसवडी, थिल्लारी असे तिचे प्रकार आहेत. एकाचं नाव तर चक्क 'नकली' आहे. व्यापाऱ्याच्या तोंडून ते ऐकलं तर दचकू नका.

दुधाचं म्हणाल तर दिवसाला दोन-तीन लिटर, अख्ख्या वेताचं चार-पाचशे. पहिलं वेत यायला चार वर्षं लागतात. वासरू लावल्याशिवाय ती पान्हा सोडत नाही आणि वासरू दगावलं तर बहुधा आटूनच जाते. नव्या माणसाला जवळ येऊ देत नाही. आमच्या आजीला ती गाय पाय चाटायची आणि मला, घरातल्याच माणसाला, दोनदा उडवून लावलं होतं. घरात लहान पोरं असतील आणि गोठा दारातच असेल तर शिंगांचा विचार करा.

मग ती घ्यायची कशाला? गोऱ्ह्यासाठी. खिल्लारचा बैल चपळ, उन्हाला न हटणारा, दिवसभर औताला चालणारा. ट्रॅक्टर आल्यावर औताची मागणी घटली, तरी साखर कारखान्याच्या ऊसगाड्या आणि शर्यती यांनी त्याला बाजारात टिकवलं. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली शर्यती थांबवल्या तेव्हा आमच्याकडे चांगल्या गोऱ्ह्यालाही गिऱ्हाईक मिळेना. डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्रात परवानगी मिळाली, 18 मे 2023 रोजी घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं आणि खरसुंडी, पुसेगावच्या यात्रांत पुन्हा लाखांची बोली ऐकू यायला लागली. पण लाखाचा गोऱ्हा शंभरात एखादा निघतो. बाकीचे औताला आणि गाडीला जातात. शर्यतीच्या व्हिडिओवर भुलून गाय घेणारी पोरं ही गोष्ट विसरतात. शिवाय एका निकालाने पडलेला बाजार पुढे कधीतरी दुसऱ्या निकालाने पुन्हा पडू शकतो, हे आमच्या पिढीने पाहिलेलं आहे.

एचएफ संकरित गाय याच्या नेमकी उलट. काळी-पांढरी, वशिंड जवळजवळ नाही, कास मोठी. बऱ्यापैकी जोपासली तर दिवसाला 12 ते 15 लिटर, उत्तम असेल तर 20 च्या वर, आणि तेही दहा महिने. अडीच-तीन वर्षांत विते. वासराशिवाय धार देते, मशीनलाही देते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दर दहा दिवसांनी दुधाचा पगार. कोरडवाहू घरात वर्षभर ठरल्या दिवशी पैसे देणारं दुसरं काय आहे? आमच्या घरातल्या शाळेच्या फिया खिल्लारने कधी भरल्या नाहीत, एचएफने भरल्या.

पण ती खातेही तशीच. शरीर सांभाळायला दीड किलो आणि दर अडीच लिटर दुधामागे एक किलो, असं धरलं तर 15 लिटरच्या गायीला रोज सात-साडेसात किलो पशुखाद्य लागतं. त्यावर वीस-पंचवीस किलो हिरवा चारा, पाच-सहा किलो कडबा आणि उन्हाळ्यात शंभर लिटरच्या घरात पाणी. पारा 35 च्या पुढे गेला की ती धापा टाकते आणि दूध उतरतं. गोचीड तापाला देशी गाय सहसा दाद देत नाही, एचएफ वेळेत डॉक्टर न मिळाला तर दोन दिवसांत बसते. दुधाचा भाव 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) बांधलेला असतो. फॅट जरा घसरलं की लिटरमागे कापाकापी सुरू. भाव पडले की काय होतं ते 2024 साली सगळ्यांनी पाहिलं. सरकारला लिटरमागे आधी 5 आणि नंतर 7 रुपये अनुदान द्यावं लागलं.

2012-13 च्या दुष्काळात आमची जनावरं चारा छावणीत होती. तिथे मिळायचं मुख्यतः उसाचं वाढं. एचएफ महिनाभरात निम्म्या दुधावर आली आणि पुढच्या वेताला उशिरा लागली. खिल्लार त्याच वाढ्यावर तशीच उभी होती. (नुसतं वाढं कुठल्याच जनावराला बरं नाही, त्यातल्या ऑक्झलेटमुळे अंगातला कॅल्शियम कमी होतो. सोबत चुन्याची निवळी किंवा क्षार मिश्रण द्यावं.)

आता गोऱ्हा. एचएफच्या गोऱ्ह्याला वशिंड नाही, म्हणून जू मानेवर नीट बसत नाही, आणि उन्हात तो चालत नाही. 2015 च्या कायद्यानंतर बैल आणि गोऱ्हाही कत्तलीसाठी विकता येत नाही. म्हणजे दूध पाजून वाढवायचा, आणि कशासाठी ते कुणालाच ठाऊक नाही. बरेच गोऱ्हे उपाशीपोटी मरतात किंवा रात्री गावाबाहेर सोडले जातात, हे बोललं जात नाही इतकंच. यावरचा आजचा मार्ग म्हणजे लिंगनिश्चित रेतमात्रा. त्यातून शंभरात नव्वदच्या आसपास कालवडी होतात. मात्रा महाग असते आणि कधी कधी गाय उलटते, म्हणजे गाभण राहत नाही, तरी एचएफ घेणाऱ्याने त्याचा खर्च पहिल्या दिवसापासून धरावा. विदेशी रक्त 50 ते 62.5 टक्क्यांच्या मध्ये ठेवावं. त्याच्या वर गेलात तर पंखे, फॉगर आणि डॉक्टर यांची सोय आधी करा.

जर्सी संकरित गाय याच कुळातली, पण अंगाने लहान आणि खाण्याला कमी. दूध एचएफपेक्षा कमी, फॅट चारच्या पुढे. दोन एकरवाल्या घराला मला ती जास्त मानवणारी वाटते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने गीर, एचएफ आणि जर्सी यांच्या संकरातून 'फुले त्रिवेणी' तयार केली, ती मिळाली तर जरूर बघा.

देवणी आणि लाल कंधारी

मराठवाड्यातल्या माणसाने वरचं भांडण सोडून द्यावं. त्याच्या दारात या दोन गायी आहेत, आणि दुहेरी उपयोगाच्या म्हणजे दूध आणि बैल दोन्ही देणाऱ्या.

देवणीचं मूळ लातूर जिल्ह्यातलं देवणी-उदगीर आणि शेजारचं बीदर. गीर, डांगी आणि स्थानिक गायी यांच्या मिश्रणातून ती घडली असं मानतात, आणि पुढे आलेलं कपाळ नि लोंबते कान बघितले की ते पटतं. रंगावरून तिची तीन नावं आहेत: संपूर्ण पांढरी ती बालंक्या, अंग पांढरं पण तोंडाच्या बाजू काळ्या ती वानेरा, अंगभर काळे-पांढरे ठिपके ती शेवरा. वेताला आठ-नऊशे लिटर दूध धरावं, चांगली निघाली तर हजाराच्या वर. स्वभाव इतका गरीब की बाईमाणसाने एकटीने गोठा सांभाळावा. बैल दांडगा, पण सावकाश. काळ्या चिकण मातीत खोल नांगरट करायला तोच हवा.

लाल कंधारी त्याहून लहान चणीची, गर्द लाल, नांदेडच्या कंधार, मुखेड, लोहा भागातली. दूध कमी, वेताला सहाशेच्या आसपास. पण खाणं त्याहूनही कमी, आणि मे महिन्याच्या उन्हात कडब्याच्या काडीवर ती जशी तग धरते तशी देवणी धरत नाही. विहिरीला बारमाही पाणी आणि घरचा हिरवा चारा असेल तर देवणी, नुसत्या पावसावरची ज्वारी-कापूस असेल तर लाल कंधारी, असं मी सरळ सांगतो. दोन्हींच्या गोऱ्ह्यांना आपापल्या भागात गिऱ्हाईक आहे. भागाबाहेर नेलंत तर मात्र भाव निम्म्यावर येतो, कारण तिथे त्यांचा पारखीच नसतो.

पावसातली, डोंगरातली

इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, अकोले इथल्या माणसाला मी सल्ला देणं म्हणजे आगाऊपणा. तिथे डांगीच. हिच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, अंगावर पाणी ठरत नाही. काळे कठीण खूर भातखाचरात कुजत नाहीत. दूध खिल्लारइतकंच. घोटी आणि राजूरच्या बाजारात तिची पारख करणारे महादेव कोळी, ठाकर, कानडी समाजांचे शेतकरी भेटतात, त्यांचं ऐकावं. तीच डांगी सोलापुरात आणण्यात मात्र काही अर्थ नाही. जिथे तीन हजार मिलिमीटर पाऊसच नाही तिथे त्या तेलकट कातडीचं करायचं काय?

वर्ध्याच्या आर्वी, आष्टी, कारंजा पट्ट्यातली गवळाऊ पांढरी, आखूड शिंगांची आणि पायाने वेगवान. मराठ्यांच्या फौजा गोंडवनाच्या डोंगरातून सामान नेताना हेच बैल वापरत असं सांगितलं जातं. दूध लाल कंधारीइतकं. कोकणात कोकण कपिला आणि गोव्यात श्वेत कपिला आहे. दोन्ही लहानखुऱ्या, दोन-तीन लिटरच्या, घरच्या चहा-ताकापुरत्या. दमट हवेत महागडी गाय मारून घेण्यापेक्षा त्या बऱ्या.

गीरबद्दल जरा सावध

पुण्या-मुंबईहून गावी परतलेल्या माणसाला गीरच हवी असते. गाय उत्तम आहे, यात वाद नाही. फुगीर कपाळ, मुडपलेल्या पानासारखे लांब कान, वेताला दीड-दोन हजार लिटर दूध आणि देशी गायींत एचएफशी थोडीफार बरोबरी करणाऱ्या मोजक्या गायींपैकी ही एक. पण ती सौराष्ट्राची, आणि आपल्याकडे येईपर्यंत तिच्यात तीन दलालांचा वाटा मिसळलेला असतो. कानाकपाळावरून गीर दिसणाऱ्या आणि पाच लिटरवर थांबणाऱ्या कितीतरी गायी मी पाहिल्या आहेत. शिवाय इथे गीरच्या गोऱ्ह्याला गिऱ्हाईक शोधावं लागतं.

गीरचं सगळं अर्थकारण एटू (दुधातल्या प्रथिनाचा एक प्रकार) दूध आणि तुपाच्या भावावर उभं आहे. आपल्या देशी गायींचं दूध बहुतांशी एटू प्रकारचंच असतं, फक्त गीरचंच नव्हे. त्याने आरोग्याला वेगळा फायदा होतो का, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पाकिटावरचे एटूचे दावे काढायला सांगितले आणि आठवडाभरात ते पत्र मागेही घेतलं. डेअरीत गीरचं दूध घातलंत तर तिथे फक्त फॅट आणि एसएनएफ मोजतात. तेव्हा शहरात शंभर रुपये लिटरने घेणारी दहा घरं आधी पक्की करा, मग गाय बघा. उलट क्रमाने गेलेले लोक वर्षभरात गाय विकताना भेटतात.

बाजारात गेल्यावर

जात ठरली की गाय बघायला जा, आणि एका धारेवर सौदा करू नका. आदल्या दिवशीची धार न काढता कास तुंबवून आणतात. संध्याकाळ, सकाळ, परत संध्याकाळ अशा तीन धारा स्वतः समोर उभं राहून काढून घ्या, आणि पहिली धार हिशेबात धरू नका. चारही सड चालतात का ते हाताने बघा. दात मोजा: दोन दाती, चौसा, सहा दाती, मग जुळलेली. जुळलेली गाय 'दुसऱ्या वेताची' म्हणून खपवतात. कानातल्या बिल्ल्याचा 12 अंकी नंबर पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवून नोंद तपासा. 2022 च्या लम्पीच्या साथीनंतर लसीची चौकशी केल्याशिवाय आम्ही नवं जनावर दावणीला आणत नाही, आणि आणलं तरी पंधरा दिवस वेगळं बांधतो.

खिल्लार घ्यायची असेल तर दुधापेक्षा तिच्या आधीच्या वेताचा गोऱ्हा कुणाकडे आहे ते विचारा आणि तो बघून या. आईपेक्षा तो जास्त सांगतो.

उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरवायची रीत अजून काही बाजारांत आहे. नवखे असाल तर सोबत जाणता माणूस घ्या, हेड्याच्या, म्हणजे जनावरांच्या दलालाच्या हातात हात देऊ नका. आणि घरून नवं दावं घेऊन जा. आमच्याकडे विकणारा जनावर देतो, दावं देत नाही.