दोन सेंट्रल पार्क, सेंटरला एकही नाही

मी ठाण्यात मानपाड्याला, ताई नवी मुंबईत खारघरला, त्यामुळे गेलं वर्षभर रविवारी बाबांना घेऊन आलटूनपालटून दोन्हीकडच्या बागा फिरतोय. कुठलं शहर जास्त हिरवं यावरून आमची भांडणं ठरलेलीच, म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच टाकते.

खारघरचं सेंट्रल पार्क, जागेच्या बाबतीत विषयच नाही. पोरं एकदा सुटली की हाका मारून पण येत नाहीत. पावसाळ्यात समोरचा डोंगर हिरवागार, आणि नोव्हेंबर 2023 ला मेट्रो सुरू झाल्यापासून सेंट्रल पार्क नावाचं स्टेशनच आहे, बेलापूरहून बसलं की थेट. आमचं ठाण्यातलं ढोकाळीचं सेंट्रल पार्क फेब्रुवारी 2024 मधलं, साडेवीस एकर, तिकीट काढून आत जायचं. नाव दोघांचंही न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कसारखंच. ते 843 एकर आणि खरोखर शहराच्या मधोमध, आपल्या दोघांच्या बाबतीत 'सेंट्रल' कशाच्या ते विचारू नका.

ठाण्यातली तलावाकाठची तलावपाळी मी यात धरत नाही, ती भेळ खाऊन गडकरीला नाटक बघायची जागा आहे, बाग नाही.

नेरुळला होल्डिंग पाँडभोवती चालायला मात्र मला सगळ्यात आवडतं. ही तळी शोभेची नाहीत बरं का, भरती असताना जोराचा पाऊस आला तर खाडीकडची झडप मिटते, शहरातलं पाणी तळ्यात थांबतं आणि ओहोटीला निघून जातं. म्हणजे आपण चालतोय ती जागा कामाला पण लागते. ताईला इथे पूर्ण मार्क.

पण एक गंमत वाचली, 3-30-300. सेसिल कोनाइनेंडाइक नावाचे एक प्राध्यापक आहेत, त्यांनी 2021 मध्ये मांडलेला नियम. घरातून 3 झाडं दिसली पाहिजेत, वस्तीवर 30 टक्के झाडांची सावली आणि बाग 300 मीटरच्या आत. मी लगेच खिडकीत. एक सोनमोहर, एक बदाम, तिसरं शेजारच्या सोसायटीतलं अर्धं, म्हणजे अडीच. ताईच्या खिडकीतून समोरची बिल्डिंग, तिला शून्य (हे तिला आवडलेलं नाही).

आणि 300 मीटरवर खरंच आमची एक छोटी बाग आहे, नाव नाही घेत. दोन झोपाळे, एक घसरगुंडी, एक मोठा पर्जन्यवृक्ष. बाबांचा गुडघा गेलाय, मोठ्या पार्कला रिक्षा करून जावं लागतं, इथे ते एकटे जातात. पर्जन्यवृक्षाखालच्या बाकावर बसतात आणि सावली सरकेल तसे सरकत जातात, पाऊण तासात या टोकाचे त्या टोकाला, पेपरची घडी तशीच मांडीवर. मोठ्या पार्कला आम्ही महिन्यातून एकदा जाणार, इथे हे रोज. फक्त दुपारी कुलूप. बोर्डावर लिहिलंय चारला उघडेल, किल्लीवाला येतो साडेचारला, तोवर सात-आठ आजी-आजोबा गेटबाहेर उन्हात उभे.

तर खारघरला चार स्टार, ढोकाळीला साडेतीन, नेरुळच्या तळ्याला साडेचार. आमच्या छोट्या बागेला पाचच दिले असते, एक कापला तो कुलपाचा.