मॉर्गाँ घ्यायची तर कुठल्या वर्षाची: २०२०, २०२१ की २०२२?

मॉर्गाँची, म्हणजे फ्रान्सच्या बोजोले भागातल्या एका तांबड्या वाइनची, बाटली हातात घेतली की आधी लेबलवरचं वर्ष बघा. बोजोले म्हटलं की बऱ्याच जणांना नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी येणारी ‘नूव्हो’ आठवते. ती त्याच हंगामातली, लगेच पिऊन संपवायची वाइन, तिथे वर्षाचा विचार करायची गरज नाही. मॉर्गाँ हा मात्र बोजोलेच्या दहा ‘क्रूं’पैकी, म्हणजे स्वतःच्या नावाने वाइन विकणाऱ्या खास टापूंपैकी, एक. द्राक्ष तेच, गामे, पण ही वाइन चांगली मुरते. मुरल्यावर तिला पिकलेल्या चेरीचा, बरगंडी भागातल्या पिनो न्वार द्राक्षाच्या वाइनजवळ जाणारा गंध येतो. त्यासाठी तिथल्या लोकांनी गावाच्या नावावरूनच एक क्रियापद घडवलंय. वाइन ‘मॉर्गॉन’ करते, असं ते म्हणतात.

२०२० चा उन्हाळा कडक आणि कोरडा होता. तोडणी ऑगस्टमध्येच सुरू झाली. मणी लहान, साल जाड, गोडी भरपूर. ग्लासात वाइन जांभळाच्या रसासारखी गडद दिसते. चव भरलेली, काळ्या फळांची, आणि अल्कोहोल बऱ्याच बाटल्यांत १४ टक्क्यांच्या आसपास. कोत द्यु पी या टेकडीवरची २०२० असेल तर आणखी घट्ट. तिथली जमीन झिजून ठिसूळ झालेल्या, निळसर खडकाची आहे आणि मॉर्गाँचा सगळ्यात भक्कम माल तिथूनच येतो. ही बाटली अजून काही वर्षं ठेवायची आहे. आत्ता उघडलीत तर तासभर आधी उघडा.

२०२१ ची गोष्ट अगदी वेगळी, आणि मला ती जास्त जवळची वाटते. मार्चअखेरच्या उबेने वेलींचे डोळे लवकर फुटले आणि एप्रिलच्या सुरुवातीला गोठवणाऱ्या रात्री आल्या. कोवळे फुटवे करपले. पुढे उन्हाळाभर पाऊस, त्यामागे वेलींवर केवडा रोग. नाशिकच्या बागायतदाराला यातली धास्ती वेगळी समजावून सांगायला नको. तोडणी सप्टेंबरपर्यंत लांबली, माल कमी आला, आणि ज्यांनी खराब मणी हाताने वेचून काढले त्यांचीच वाइन स्वच्छ उतरली. म्हणून या वर्षी उत्पादकाचं नाव बघितल्याशिवाय बाटली घेऊ नका. २०२० मध्ये साधारण उत्पादकाची वाइनही उन्हाने सावरून धरली, २०२१ ने कुणालाच तशी सूट दिली नाही.

पण चांगल्या हातातली २०२१ ग्लासात ओतून बघा. रंग कोकम सरबतासारखा, ग्लासामागचं बोट दिसेल इतका पारदर्शक. नाकाला आधी आंबटसर लाल फळं, मग मिरी, मग ओल्या मातीचा वास. जिभेवर हलकी, आणि घोट गेल्यावर तोंडाला पाणी सुटतं. अल्कोहोल साडेबारा टक्क्यांच्या आसपास. हा आकडा जेवणाच्या ताटावर फार महत्त्वाचा ठरतो, कारण अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं. मटणाच्या तांबड्या रश्श्याबरोबर मी दोन्ही वर्षांच्या बाटल्या उघडल्या होत्या. २०२० चा प्रत्येक घोट घशात जळत उतरला, २०२१ ची बाटली जेवण संपायच्या आत रिकामी झाली. गामेत तुरटपणा मुळात कमी, त्यात २०२१ चा आंबटपणा, त्यामुळे तेलकट रस्सा तिला छान पेलतो.

२०२२ पुन्हा उष्ण आणि कोरडं. तरी वाइन २०२० पेक्षा मऊ, गोलसर, लवकर उघडणारी वाटते. ज्याने मॉर्गाँ कधी चाखलीच नाही त्याच्यासाठी मी हेच वर्ष सुचवेन. मला तिच्यात थोडी धार कमी वाटते, पण पाहुण्यांसमोर ठेवायला ती बिनधोक आहे.

कुठे २०१५ दिसली तर? तेही तापलेलं, दाट वाइनचं वर्ष. कोत द्यु पीवरची, नीट थंड जागी ठेवलेली असेल तरच पैसे मोजा. दुकानाच्या काचेत, दिव्याखाली वर्षानुवर्षं उभी असलेली बाटली कितीही नावाजलेल्या वर्षाची असो, सोडून द्या.

एकच बाटली घ्यायची आणि याच आठवड्यात जेवणाबरोबर प्यायची, तर भरवशाच्या उत्पादकाची २०२१. दोन परवडत असतील तर दुसरी २०२०, आणि ती आडवी, अंधाऱ्या, थंड जागी ठेवायची. पुण्या-मुंबईच्या घरात अशी जागा नसेल तर साठवण्याच्या भानगडीत पडू नका, २०२२ घ्या आणि पिऊन टाका. कुठलंही वर्ष असो, ओतण्याआधी बाटली अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा. तांबडी वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी म्हणतात ती खोली युरोपातली आहे. मॉर्गाँ साधारण १४ अंशांना खुलते, आपल्याकडच्या एप्रिलात तिचा फक्त अल्कोहोल नाकात जातो.