सर्क्युलर सॉ म्हणून मला विकलं दगड कापायचं मशीन

मला पुस्तकांसाठी चार फळ्यांची मांडणी करायची होती. १९ मिमीचा प्लाय, वर्षातून दोन-तीनदा निघणारं असंच किरकोळ काम, आणि हातकरवतीने माझी रेघ काही केल्या सरळ येत नव्हती. म्हणून सर्क्युलर सॉ, म्हणजे गोल पात्याची विजेवरची करवत, घ्यायचा ठरवला. आठवडाभर शोधाशोध केली आणि जे घरी आलं तो सर्क्युलर सॉ नव्हताच. ते फरशी आणि दगड कापायचं मशीन होतं, त्यालाच लाकडाचं पातं लावून माझ्या गळ्यात मारलं होतं. हे कळायला मला तीन आठवडे लागले, आणि त्याआधी ते एकदा माझ्या हाताच्या दिशेने उसळलं. पैसे गेले त्याचं दुःख आहेच. पण हात गेला असता, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

जाहिरातीत एक व्हिडिओ होता. त्यात मशीन एक जाड फळी सरसर कापत जात होतं. खाली मोठ्या अक्षरात २००० वॅट, शुद्ध तांब्याची मोटर, 'वुड कटर सॉ', सोबत ब्लेड मोफत. फोटोत मशीन एकटंच होतं, शेजारी हात नाही, मोजपट्टी नाही. त्यामुळे ते केवढं आहे याचा अंदाजच येत नव्हता. किती खोल कापतं हे कुठेही लिहिलेलं नव्हतं, आणि मी ते शोधलंही नाही. मी वॅट पाहिले. इतर ठिकाणी १२०० वॅट, इथे २०००, आणि तेही स्वस्त. एवढ्यावर मी भुलले. खालचे अभिप्राय शेकड्याने होते, तेही मी वरवर चाळले. नंतर शांतपणे वाचले तेव्हा त्यातले कित्येक मोबाइलच्या कव्हरबद्दल होते. जुन्या वस्तूच्या पानावर नवी वस्तू चढवली होती आणि तारे आयते मिळाले होते.

खोक्यात बिल नव्हतं, एक चिठ्ठी होती: 'हँड टूल, १ नग'. तेव्हा मी ती बाजूला ठेवली. तिचं महत्त्व पुढे कळलं.

मशीन हातात घेतल्यावर दोन गोष्टी खटकायला हव्या होत्या. एक, पात्याच्या वरचा अर्धा भाग झाकलेला होता, खालचा पूर्ण उघडा. दुसरी, त्या झाकणाच्या कडेला छोटी पितळी तोटी होती. मला वाटलं, भुसा बाहेर टाकायची असेल. ती पाण्याची तोटी होती. दगड कापताना पातं थंड राहावं आणि धूळ बसावी म्हणून तिथे पाण्याची नळी लावतात. लाकूड कापायच्या मशीनला पाण्याची तोटी कशाला असेल, हा साधा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

पहिल्या दोन फळ्या कापल्या गेल्या, हेच वाईट झालं. विश्वास बसला. आवाज कानठळ्या बसवणारा होता आणि कापलेली कड काळी पडत होती. माझी भाची पलीकडून प्लाय धरून उभी होती. "मावशी, जळल्याचा वास येतोय," ती म्हणाली. मी म्हटलं, नवीन आहे, येत असेल.

तिसऱ्या फळीला ते झालं. प्लाय दोन स्टुलांवर दोन्ही टोकांना टेकवला होता आणि मी मधोमध कापत होते. आता कळतं की ही चूक माझी. काप जसजसा पूर्ण होत येतो तसतसे दोन्ही तुकडे मधे खाली झुकतात, कापाची फट वरून मिटते आणि पातं चिमटीत सापडतं. पात्याचे मागचे दात लाकडातून वर येत असतात. ते अडकले की पातं लाकडात फिरायचं सोडून मशीनलाच उचलतं आणि धरणाऱ्याच्या अंगावर फेकतं. याला किकबॅक म्हणतात. माझ्या हातातलं मशीन असंच उचललं गेलं. प्लायच्या वरून चालत, वीतभर लांब चर पाडत माझ्याकडे आलं आणि स्वतःचीच वायर कापून थांबलं. वायर माझ्या डाव्या मनगटाजवळून गेली होती. मीटरमधला स्विच पडला, खोली एकदम गप्प झाली. पातं मात्र त्यानंतरही बराच वेळ फिरत होतं, ते मी पाहत उभी होते. भाची रडायला लागली तेव्हा भानावर आले.

वायर बदलून घ्यायला मी मशीन मोटर भरून देणाऱ्या काकांकडे नेलं. त्यांनी ते उलटं केलं, तोटीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ताई, हा मार्बल कटर आहे. हे लाकडाला कुणी दिलं तुम्हाला?"

मग त्यांनी नखाने स्टिकर खरवडला. २००० वॅटचा चकचकीत स्टिकर होता, त्याची एक कड आधीच सुटली होती. तो सोलला तर खाली मूळ पट्टी होती, अक्षरं थोडी डिंकाने माखलेली: २२० व्होल्ट, १०५० वॅट, १३,००० आरपीएम, ११० मिमी. काकांनी ओल्या फडक्याने पुसून मला एकेक आकडा वाचायला लावला. नंतर पातं काढून माझ्या हातात दिलं. त्याच्यावर बारीक कोरलेलं होतं: कमाल ८,५०० आरपीएम. म्हणजे मिनिटाला ८,५०० फेऱ्यांपर्यंतच चालवायचं पातं १३,०००च्या मशीनवर बसवून मला पाठवलं होतं. अशा पात्याच्या दातांवर कार्बाइड नावाच्या फार कठीण पदार्थाच्या चकत्या डाखलेल्या असतात. त्यातली एखादी सुटली तर ती कुठे जाईल?

आकड्यांचा अर्थ मी नंतर नीट लावला. लाकडासाठीचा नेहमीचा सर्क्युलर सॉ १८५ मिमी पात्याचा असतो आणि मिनिटाला साधारण ५,००० ते ६,००० फेरे घेतो. ५,५०० धरले तर दाताचा वेग सेकंदाला सुमारे ५३ मीटर होतो. माझं पातं लहान, ११० मिमीचं, पण १३,००० फेऱ्यांनी त्याचे दात सेकंदाला सुमारे ७५ मीटरने जात होते. जळल्याचा वास, काळी कड, तो कर्कश आवाज, सगळ्यात या वेगाचा हात होता. शिवाय ११० मिमीचं पातं जेमतेम ३२-३४ मिमी खोल जातं. १८५चं ६० मिमीच्या वर जातं. व्हिडिओतली ती जाड फळी या मशीनने कापली गेलीच नसणार.

वॅटचा खोटेपणा मूळ पट्टी झाकलेली असली तरी पकडता येतो, जर अँपिअर कुठे लिहिले असतील तर. व्होल्ट गुणिले अँपिअर करा. २२० व्होल्टवर २००० वॅट हवे असतील तर नऊ अँपिअरच्या वर लागतात. एकीकडे २००० वॅट आणि दुसरीकडे कुठे पाच अँपिअर लिहिलं असेल तर कुणीतरी खोटं बोलतं आहे. 'पीक पॉवर', 'मॅक्स पॉवर' असे शब्द दिसले तरी तेच. आपल्याला रेटेड इनपुट हवं, जे मशीन सतत खेचतं ते.

आता विक्रेत्याची तऱ्हा. मी तक्रार केली त्या दिवशी परतीची मुदत संपायला सहा दिवस होते. पहिल्या दिवशी उत्तर आलं, "मॅडम, हे वुड कटरच आहे, व्हिडिओ पाहा." मी पट्टीचा फोटो पाठवला. फोटो स्पष्ट नाही, व्हिडिओ पाठवा. व्हिडिओ पाठवला. तपासणीला पाठवला आहे, तीन दिवस थांबा. मी थांबले, आणि तिथेच हरले. सातव्या दिवशी कळवलं की मुदत संपली आहे, शिवाय पात्याला भुसा आहे म्हणजे मशीन वापरलेलं आहे, आणि स्टिकर तुम्हीच काढला आहे. मी जाहिरात दाखवावी म्हटलं तर ते पानच गायब. माझ्याकडे उरलं काय, तर ती चिठ्ठी: 'हँड टूल, १ नग'. करवत विकली असं त्यात कुठेच म्हटलेलं नव्हतं. इतकी टोलवाटोलवी सहा दिवसांत बसवणारा माणूस हे पहिल्यांदा करत नसतो.

म्हणून पैसे भरण्याआधी जाहिरातीचे स्क्रीनशॉट घ्या, वॅट आणि वस्तूचं नाव दिसेल असे. खोकं उघडताना व्हिडिओ काढा आणि त्यात मशीनवरची पट्टी जवळून येऊ द्या. स्टिकरच्या कडेवरून बोट फिरवा, खाली दुसरा थर लागतो का पाहा. बिलावर वस्तूचं नाव आणि मॉडेल नसेल तर त्याच दिवशी मागा. "तीन दिवस थांबा" आलं तर थांबू नका, परतीची नोंद आधी करा आणि मग काय ते बोला.

पण माझं म्हणणं याहून एका गोष्टीवर जास्त आहे, ती म्हणजे खालचं गार्ड. खऱ्या सर्क्युलर सॉला पात्याच्या खालच्या अर्ध्या भागावर स्प्रिंगचं झाकण असतं. मशीन लाकडात शिरताना ते आपोआप मागे सरकतं आणि लाकडातून बाहेर आलं की लगेच बंद होतं. काम झाल्यावर मशीन खाली ठेवलं तर फिरतं पातं झाकलेलं असतं. माझ्याकडे ते झाकण असतं तर मशीन प्लायमधून उसळून बाहेर पडताच पात्यावर ओढलं गेलं असतं आणि वायरही कदाचित वाचली असती. किकबॅक झालाच नसता असं मी म्हणत नाही, तो माझ्या स्टुलांमुळे झाला. पण त्यानंतर जे उघडं पातं माझ्याकडे आलं, ते विकणाऱ्याने उघडं दिलं होतं.

स्विचही पाहण्यासारखा असतो. माझ्या मशीनला ट्रिगर दाबून बाजूचं बटण दाबलं की ते चालूच राहायचं, बोट सोडलं तरी. तासभर दगड कापणाऱ्याला ते सोयीचं. लाकडाच्या बहुतेक चांगल्या मशीनमध्ये नेमकं उलट असतं: आधी बाजूचं बटण दाबल्याशिवाय ट्रिगर दबतच नाही आणि बोट सुटलं की मोटरची वीज तुटते. हातात धरायच्या सर्क्युलर सॉच्या सुरक्षिततेसाठी आयईसी ६२८४१-२-५ असं स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानक आहे. तो आकडा छापलेला असला म्हणजे खात्री झाली असं नाही, छापणारे काहीही छापतात. पण विक्रेत्याला त्याबद्दल विचारा आणि तो काय बोलतो ते ऐका.

त्याच विक्रेत्याकडे बॅटरीवर चालणारा एक सॉ होता, त्यावर '८८ व्हीएफ' लिहिलेलं, वाचणाऱ्याला ८८ व्होल्ट वाटावं असं. मी तोच घेणार होते. काकांनी तसली एक बॅटरी उघडून दाखवली. आत एका रांगेत जोडलेले पाच लिथियम सेल. एकेक ३.६ व्होल्टचा, म्हणजे सगळे मिळून १८, आणि पूर्ण चार्ज झाल्यावर जेमतेम २१. ८८ कुठून आणले ते त्यांनाच ठाऊक. तुमच्याकडे आधीपासून एखाद्या चांगल्या कंपनीचं १८ व्होल्टचं ड्रिल असेल तर त्याच बॅटरीवर चालणारा १६५ मिमीचा सॉ मधूनमधूनच्या कामाला पुरतो. नाहीतर वायरचाच बरा.

मी आता वापरते तो सॉ जुना आहे, एका सुताराकडून घेतलेला, १८५ मिमीचा, १२०० वॅटचा. घेताना त्याने स्वतःच मला गार्ड ओढायला लावलं. सोडल्यावर ते टक्कन मिटलं. मग बेस प्लेटवर, म्हणजे मशीन लाकडावर टेकतं त्या पत्र्यावर, गुण्या ठेवून पातं काटकोनात आहे का ते आम्ही पाहिलं. पातळ पत्र्याची बेस प्लेट एकदा पडली की वाकते आणि मग प्रत्येक काप तिरका जातो. साध्या लाकडाच्या फळ्यांसाठी २४ दाती पातं ठेवलं आहे आणि प्लायसाठी ६० दाती. प्लायची कड आता काळी पडत नाही. प्लायखाली जुन्या पट्ट्या आडव्या टाकते, दोन्ही तुकड्यांना शेवटपर्यंत आधार राहतो. पातं प्लायच्या खाली एखाद्या दाताएवढंच बाहेर येईल अशी खोली लावते. आणि खरं सांगायचं तर वर्षातून चारच काप असतील तर मशीन घेऊच नका. प्लाय घेताना तिथेच मापाने कापून मागा, किंवा भाड्याने आणा.

तो कटर विकत मागायला एकजण आला होता, लाकडालाच हवा म्हणाला. मी दिला नाही. तो कपाटावर आहे, वायरशिवाय, पातं वेगळं काढून.

काल तीच जाहिरात पुन्हा दिसली. विक्रेत्याचं नाव वेगळं, फोटो तोच, वॅट आता २२००. मी फोटो मोठा करून पाहिला. खालचं गार्ड नाही, आणि कडेला ती पितळी तोटी दिसते आहे.