बर्फाचा खांब ३० चा की ९० चा?

बेळगावहून गुलमर्गला जायचं तर सुट्टी मोजकीच, त्यात प्रवासाचे दिवस वेगळे. त्यामुळे हिमस्खलनाचा धोका तपासायला तिथल्या अफरवट डोंगराच्या उतारावर खड्डा खणायला घेतला की जो तो घाई करतो आणि कॉम्प्रेशन टेस्टवर, म्हणजे बर्फाचा खांब थापा मारून तोडून बघण्यावर भागवतो. ३० सेंटिमीटरचा चौकोनी खांब एकट्यालाही पटकन मोकळा करता येतो, कच्चा थर कुठे दडलाय तेही कळतं. तेवढ्यापुरती मीही अजून तीच करतो.

माझं अडतं ते आकड्यावर. खांबावर फावडं ठेवून त्यावर मनगटातून १०, कोपरातून १०, खांद्यातून १० थापा मारायच्या, कितव्या थापेला खांब तुटला ते मोजायचं. पण थाप कुणाच्या हाताची? एका सकाळी माझा खांब सोळाव्या थापेला तुटला. शेजारीच खानापूरच्या मित्राचा, जो लहानपणापासून तालमीत गेलेला, नवव्यालाच. माझ्या हिशेबाने मध्यम, त्याच्या हिशेबाने अगदी कच्चा. थर मात्र तोच, सुट्या दाण्यांचा. चिकोडीकडच्या कुणालाही ओळखू येईल, मुठीत धरलेली साखर बोटांतून गळते तसा. अर्धा तास आम्ही थंडीत आकड्यावर वाद घालत होतो. भेग पडली तर ती पुढे धावून उतारच घसरेल का, हे त्या आकड्यातून कळतच नव्हतं.

शेवटी एक्स्टेंडेड कॉलम टेस्ट केली. रॉन सिमेनहॉइस आणि कार्ल बर्कलंड यांनी २००६ मध्ये मांडलेली ही चाचणी नेमकं हेच विचारते. खांब ९० सेंटिमीटर रुंद, थापा फक्त एका टोकावर. तेराव्या थापेला भेग पडली आणि त्याच थापेसरशी पार दुसऱ्या टोकाला गेली. कुणी काही बोललं नाही. फावडी आवरली आणि आल्या वाटेने परतलो.

हिच्यातही उणिवा आहेत. वरचा बर्फ फार भुसभुशीत असेल तर फावडं नुसतं रुतत जातं. मीटरभराहून खोल थराबाबत तिच्यावर विसंबू नये. आणि भेग धावली नाही, तरी पायाखाली बर्फ धप्पकन खचल्याचा आवाज आला किंवा रात्रभर वाऱ्याने बर्फ आणून टाकला असेल, तर मी त्या उतारावर जात नाही. तज्ज्ञ मंडळी कॉम्प्रेशन टेस्टमध्ये थर कसा तुटला, एकदम खचला की सावकाश, यावरूनही बरंच ताडतात. माझी नजर तेवढी तयार नाही. तुमची असेल तर छोटा खांब पुरेसा ठरेलही.

खांबाची मागची बाजू कापायला दोरी आणि जोडीदार लागतो. दोरीला वीत-वीत अंतरावर गाठी बेळगावातच मारून घ्या. हातमोजे घालून तिथे गाठ बसत नाही.