माईंचा आवाज, केसरबाईंची भैरवी आणि तीन मिनिटांच्या तबकड्या

गेल्या काही आठवड्यांत एक चित्रपट दुसऱ्यांदा पाहिला, एक पुस्तक वाचून संपवले आणि जुन्या तबकड्यांवरील गाण्यांची एक यादी जुळवून ती पुन्हा पुन्हा ऐकली. तिन्ही गोष्टी हिंदुस्थानी रागसंगीताच्या आहेत. परंतु निखळ, तडजोड न केलेल्या गाण्याची किंमत कोण आणि किती मोजतो, हा प्रश्न तिन्हींतून निरनिराळ्या रीतीने पुढे येत राहिला, म्हणून त्यांच्याविषयी एकत्रच लिहितो आहे.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ला 2020 साली व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचा पुरस्कार मिळाला. मुंबईतला शरद नेरुळकर हा तरुण गायक रात्रीच्या रिकाम्या रस्त्यांवरून मोटारसायकल चालवत, गुरूच्याही गुरू असलेल्या माईंची व्याख्याने कानांत साठवत फिरतो. माईंना आवाज दिला आहे तो सुमित्रा भावे यांनी, आणि त्या शांत, किंचित रुक्ष स्वरात एवढा अधिकार आहे की, पडद्यावर कधीही समोर न येणारी ही बाई चित्रपटातील सर्वांत ठसठशीत व्यक्ती ठरते. चित्रपट फार संथ आहे, ही तक्रार मला पटत नाही. मैफलींची दृश्ये ताम्हाणे दुरून आणि स्थिर चौकटीत, न तोडता दाखवतात. त्यामुळे शरदच्या गाण्यात नेमके काय उणे आहे हे कोणी सांगण्याआधीच आपल्या कानांना कळू लागते, आणि ज्याला रागातले काही कळत नाही त्याला ते मागे बसलेल्या गुरूच्या चेहऱ्यावर वाचता येते. शरदची भूमिका करणारे आदित्य मोडक स्वतः गायक आहेत आणि गुरूच्या भूमिकेतले अरुण द्रविड हे मोगूबाई कुर्डीकर व किशोरी आमोणकर यांच्याकडे शिकलेले गायक. हे गाणे उसने वाटत नाही, याचे मोठे कारण तेच असावे. दूरचित्रवाणीच्या गायनस्पर्धेत झळकणाऱ्या मुलीचा धागा मात्र मला सोपा वाटला. त्या स्पर्धांची टर उडवणे फारसे अवघड नाही, आणि इतक्या काटेकोर चित्रपटाला त्याची गरजही नव्हती. उलट, एक जाणकार संग्राहक माईंविषयी अप्रिय गोष्टी सांगू लागतो आणि शरद हातातला पेला त्याच्या तोंडावर रिकामा करतो, तो प्रसंग विलक्षण आहे. संग्राहक खरे बोलत होता की नाही, हे चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही.

माईंसारखी व्यक्ती प्रत्यक्षात कशी असेल, या कुतूहलातून नमिता देवीदयाल यांच्या 2007 सालच्या ‘द म्युझिक रूम’ या इंग्रजी पुस्तकाकडे वळलो. दहा वर्षांची लेखिका मुंबईतल्या केनेडी ब्रिजजवळच्या एका खोलीत धोंडूताई कुलकर्णी यांच्याकडे गाणे शिकू लागते आणि धोंडूताईंच्या आठवणींतून त्यांच्या गुरू केसरबाई केरकर व जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ आपल्यासमोर उभे राहतात. पुस्तकात ऐकीव किस्से भरपूर आहेत आणि काही ठिकाणी ते जरा जास्तच रंगवलेले वाटतात, हा त्याचा दोष मानता येईल. पण गुरूविषयी भक्ती आणि गुरूच्या तऱ्हेवाईकपणाची पुरती जाणीव या दोन्ही गोष्टी धोंडूताईंच्या बोलण्यात एकाच वेळी नांदतात, आणि शरदला नेमके तेच जमत नाही. चित्रपटाने जिथे देव्हारा दाखवला, तिथे पुस्तकाने भांडणारी, मानी, फटकळ आणि अफाट गाणारी माणसे दाखवली. दोन्हींत मला पुस्तक अधिक जवळचे वाटले.

यादीची सुरुवात साहजिकच केसरबाईंच्या ‘जात कहाँ हो’ या भैरवीने झाली. मैफलीतले आपले गाणे कोणी ध्वनिमुद्रित करण्याला ज्यांचा सक्त विरोध असे, त्याच केसरबाईंची ही साडेतीन मिनिटांची भैरवी 1977 साली नासाच्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळात गेली. पहिले यान 20 ऑगस्टला सुटले आणि 16 सप्टेंबरला केसरबाई वारल्या. या भैरवीमागे अब्दुल करीम खाँ यांची ‘जमुना के तीर’ ही ठुमरी आणि त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांच्या काही तबकड्या लावल्या. जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळत, त्यामुळे तासाभराचा राग मांडणाऱ्या गायकांना नेमके काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे ठरवावे लागे. या सक्तीने गाणे उथळ झाले असे पूर्वी मी मानत असे, आता तसे म्हणवत नाही: करीम खाँसाहेबांच्या त्या ठुमरीत एकही स्वर भरतीचा नाही. ज्या ॲपवर ही यादी ठेवली आहे त्याने मात्र निम्म्या गाण्यांवर रागाचे नाव दिलेले नाही, एका ठिकाणी गायिकाच बदलली आहे आणि भैरवी संपता संपता चढ्या आवाजात जाहिरात सोडण्याचा उद्योगही आरंभला आहे.

ज्यांना तिन्हींचा आस्वाद घ्यायचा असेल त्यांनी पुस्तक आधी वाचावे. केसरबाई ओळखीच्या झाल्या की माईंच्या व्याख्यानांतला कठोरपणा निव्वळ कठोर राहत नाही, आणि शरदचा राग येण्याऐवजी त्याची कणव येऊ लागते. तबकड्या कोणत्याही क्रमाने ऐकाव्यात, फक्त सलग सगळ्या ऐकू नयेत. दोन ऐकून थांबलेले बरे.