थंडीचं चित्रीकरण: गुलमर्ग, मनाली की दापोली?

लघुपटात हिवाळा दाखवायचा असेल तर आधी संहिता नीट वाचा. पात्राच्या पायाखाली बर्फ हवाय, की नुसता अंगाला झोंबणारा गारठा?

गारठाच हवा असेल तर कोकण सोडू नका. किनाऱ्यावरच्या गावांत समुद्रामुळे रात्री तितक्या गार होत नाहीत, पण दापोली सुमारे ८०० फुटांवर आहे. तिथे डिसेंबर-जानेवारीत पारा बरेचदा दहा अंशांच्या आसपास उतरतो. वाशिष्ठी, सावित्रीच्या खोऱ्यांत पहाटे धुकं बसतं. सूर्य सातनंतर उगवतो आणि नऊपर्यंत धुकं विरतं, म्हणजे हाताशी जेमतेम दोन तास. शेकोटी, कौलांवरून ठिबकणारं दव, मोहोरलेली हापूसची फांदी, एवढ्यात पौष-माघ उभा राहतो. शेकोटीचा धूर पकडायला उजेड धुराच्या मागच्या बाजूने घ्या आणि पलीकडे काळोखी झाडी ठेवा.

खोटा बर्फ मात्र इथे करू नका. मिठाला दमट हवेत पाणी सुटतं आणि ते कलमांच्या मुळांना मारतं. थर्माकोलचे मणी वाऱ्याबरोबर खाडीत जातात, ते परत गोळा होत नाहीत.

बर्फच हवा आणि पैसे बेताचे असतील तर मनाली. मडगाव–चंदीगड संपर्क क्रांती रत्नागिरीला थांबते, चंदीगडहून पुढे रस्त्याने सुमारे ३०० किमी. मनालीच्या वरचा रोहतांग घाट हिवाळ्यात बंद असतो. २०२० मध्ये खुल्या झालेल्या अटल बोगद्यातून पलीकडच्या सिस्सू गावाचा बर्फ गाठता येतो, पण रस्ता उघडा असेल त्याच दिवशी. मनालीजवळच्या सोलंग खोऱ्यात पर्यटकांचे भाड्याचे रंगीत कोट चौकटीत घुसतात, म्हणून तिथे उजाडतानाच काम उरका.

गुलमर्ग महाग, पण सुमारे २,६५० मीटरवरचं ते पठार आणि भोवतीचं सूचिपर्णी जंगल यांची सर मनालीला नाही. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस (काश्मिरी लोक त्यांना ‘चिल्लई कलां’ म्हणतात) सर्वांत कडक, तरी जानेवारी २०२४ मध्ये बराच काळ तिथे बर्फ नव्हता. आम्ही फेब्रुवारीचा पूर्वार्ध सुचवू. बर्फ पडलेला असताना पायथ्याच्या टंगमर्गच्या पुढे चाकांना साखळ्या लावलेली गाडी लागते, तो खर्च वेगळा मांडा.

गोष्टीतल्या गावाच्या नावाला अडून बसू नका. ‘रोजा’तलं (१९९२) काश्मीर मनालीत चित्रित झालं, आणि ‘ये जवानी है दीवानी’तल्या (२०१३) मनालीचा काही भाग गुलमर्गमध्ये.

मनाली असो की गुलमर्ग, वाइड शॉट आधी घ्या, कारण पावलं उमटली की त्या जागेवर रीटेक नाही. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर पांढऱ्या बर्फाला राखाडी करू पाहतो, म्हणून एक्सपोजर एक ते दीड स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. कॅमेरा खोलीत नेण्याआधी बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करा आणि तास-दोन तास उघडू नका, नाहीतर लेन्सवर आतून दव धरतं.

बाहेरचे दोन-तीन प्रसंग वर बर्फात आणि घरातले दापोलीत, अशी विभागणीही जमते. मात्र लाकडी भिंतींची खोली निवडा, जांभ्याचा चिरा टाळा, आणि खिडकीला जाड पडदा लावा. बाहेरची नारळाची एक झावळी दिसली तरी बर्फ खोटा पडतो.