दापोलीतले एजंट : आधी कागद, मग गिऱ्हाईक

आंजर्ल्याचं माहेरचं घर विकायला काढलं तेव्हा वाडीत जो तो म्हणाला, "ताई, हे जायचं नाही." कारणंही खरीच होती. सातबारा आजोबांच्याच नावावर. वारसांत वडील, तीन आत्या, काका. काकांचा मुलगा दुबईला. गाडी दारात येत नाही, पाणंदीतून चालत जावं लागतं. त्यात 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात माजघरावरची कौलं उडाली, तेव्हापासून वर ताडपत्रीच.

आधी ज्या एजंटांकडे गेलो ते टोकन घेऊन साठेखत, म्हणजे विक्रीचा आगाऊ करार, करायच्या घाईत होते. "सह्या काय, होतील मागाहून," म्हणाले. सामाईक जमिनीत असं करून लोक वर्षानुवर्षं कोर्टात खेपा घालतात.

दापोलीतल्या या एजंटांच्या कार्यालयाने मात्र गिऱ्हाइकाचं नावच काढलं नाही. सातबारा, आठ अ (खात्याचा उतारा), जुने फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) मागितले. माझ्याकडे घरपट्टीचा असेसमेंट उतारा होता. तो करापुरता, मालकीचा पुरावा नव्हे, हे त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं. मग मृत्यूचे दाखले गोळा करून तलाठ्याकडे वारस नोंद, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस, फेरफार मंजूर. भावाचं मुखत्यारपत्र दुबईच्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित होऊन आलं आणि इथे त्यावर मुद्रांक शुल्क भरलं.

मला सर्वांत भावलं ते खेडच्या आत्याकडचं बोलणं. ती ऐंशीच्या पुढची, आणि घरातल्या काहींना तिची हक्कसोडावर सही हवी होती. कार्यालयातल्या गृहस्थांनी सगळ्यांसमोर तिला सांगितलं, "आत्या, सही केलीत की हिस्सा सुटला. सोडायचा नसेल तर खरेदीखतात तुमचं नाव राहील, पैसे तुमच्या खात्यात येतील. लग्न झालं म्हणून मुलीचा हक्क जात नाही." आत्याने हिस्सा ठेवला. विक्री लवकर व्हावी यातच त्यांचा फायदा होता, तरी ते खरं बोलले.

जाहिरातीत ताडपत्रीचा आणि वाळवी लागलेल्या तुळईचाही फोटो टाकला. मागचा आगर भरतीरेषेपासून 200 मीटरच्या आत येतो, तिथे नवं बांधकाम होणार नाही, हे फोनवरच सांगायचे. जमीन शेतीची, म्हणून पुण्या-मुंबईच्या माणसाला आधी विचारायचे, "शेतकरी दाखला आहे का?" पुष्कळ फोन तिथेच थांबले. चिपळूणच्या शेतकरी कुटुंबाने घेतलं. सगळं आधीच कळलेलं असल्यामुळे दुय्यम निबंधकांकडे ऐनवेळी कोणी भाव पाडला नाही.

तक्रार एकच, पण मोठी. मोजणी त्यांनी शेवटी काढली. शेजाऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आमच्या हद्दीत निघाला आणि ठरलेली खरेदी लांबली. भूमी अभिलेखकडे अर्ज वारस नोंदीबरोबरच करायला हवा होता. आणि गणपतीत फोन उचलत नाहीत.

दोन टक्के घेतात, तेही खरेदीखत झाल्यावर. भाव माझ्या मनातल्यापेक्षा कमी आला, पण त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलेल्या आकड्याच्या जवळच. वारस विखुरलेले असतील, घर पडीक असेल तर यांच्याकडे जरूर जा. मोजणीचं मात्र पहिल्याच दिवशी काढा.